गावातलं दुकान आणि गावचं दुकान

'गावात खरेदी करा, पैसा गावातच राहील.' हे वाक्य इतक्या जणांकडून आणि इतक्या वेगवेगळ्या अर्थांनी ऐकलंय की आता ते कानावर आलं की मी एकच विचारतो. कोणतं दुकान म्हणताय? गावातलं की गावचं?

माणसांच्या बाबतीत हा फरक आपण बोलता बोलता करतो. गावातला माणूस कुणीही असू शकतो, चार दिवसांसाठी आलेला पाहुणासुद्धा. गावचा माणूस म्हणजे ज्याचं देणंघेणं, नातीगोती, भांडणं आणि म्हातारपण त्या गावात आहे तो. दुकानांबद्दल बोलताना मात्र आपण दोघांना एकाच पिशवीत घालतो आणि पुढचा सगळा वाद तिथूनच भरकटतो. (इथं गाव म्हणजे खेडंच असं नाही. शहर, उपनगर, पेठ, काहीही धरा.)

साखळी दुकान म्हणजे काय हे समजावत बसत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. एक नाव, एक मांडणी, एक खरेदी विभाग, शेकडो शाखा. ती बहुधा स्वस्त असतात आणि हे नाकारण्यात काही अर्थ नाही. अमेरिकेत वॉलमार्ट ही साखळी नव्या शहरात आल्यावर भावांचं काय होतं, याचा अभ्यास एमेक बास्कर या अर्थतज्ज्ञ बाईंनी २००५ साली प्रसिद्ध केला. शाम्पू, टूथपेस्ट, धुण्याची पावडर अशा रोजच्या वस्तूंचे भाव त्या शहरात खरोखर उतरलेले दिसले, आणि काळ गेला तसे आणखी उतरले. महिन्याचा खर्च मोजून करणाऱ्या कुटुंबासाठी ही छोटी गोष्ट नाही. त्या कुटुंबाला 'तुम्ही गावाशी बेइमानी करता' असं सुनावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आता किरकोळ गोंधळ आधी बाजूला काढू. दुकान लहान आहे म्हणून ते गावचं ठरत नाही. मोठ्या साखळ्या कोपऱ्यावरची चिमुकली दुकानंही चालवतात. उलट, मोठं आणि अनेक शाखांचं दुकानसुद्धा गिऱ्हाइकांच्याच मालकीचं असू शकतं. इंग्लंडमधल्या रॉचडेलला १८४४ साली कामगारांनी स्वतःचं सहकारी दुकान काढलं. ज्याने जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात नफा त्याला परत, अशी तिथली रीत होती. पुढे या पद्धतीची दुकानं ठिकठिकाणी पसरली. शाखा मोजल्या तर साखळी, नफा कुठं जातो ते पाहिलं तर गिऱ्हाइकाच्या घरी.

दुसरा गोंधळ मालाचा. गावचं दुकान आणि गावात बनलेला माल या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. गावच्या दुकानातला बहुतेक माल दूरच्या कारखान्यांतून आलेला असतो, आणि एखादी साखळी एका फळीवर 'स्थानिक' अशी पाटी लावून आसपासच्या उत्पादकांचा माल विकत असते. ती पाटी दिसली म्हणून दुकान गावचं होत नाही, आणि गावच्या दुकानात परदेशी वस्तू दिसली म्हणून ते परकंही होत नाही.

एवढं झाल्यावर मुद्द्याची गोष्ट. 'पैसा गावात राहतो' म्हणजे नेमका कोणता पैसा?

तुम्ही दुकानात १०० मोजले. दुकान कोणतंही असो, त्यातला मोठा भाग माल आणण्यातच गेलेला असतो. तो कारखानदाराकडे, घाऊक व्यापाऱ्याकडे, वाहतूकदाराकडे गेला आणि बहुतेक वेळा गावाबाहेर गेला. दुकानदार कितीही गावचा असला तरी हा भाग त्याच्या गल्ल्यात थांबत नाही. म्हणून 'गावच्या दुकानात दिलेला सगळा पैसा गावात राहतो' हे म्हणणं साफ चूक आहे. ते ऐकून कुणी हिशेब करायला बसलं, तर पाच मिनिटांत त्याचा सगळ्याच मुद्द्यावरचा विश्वास उडतो. चांगल्या बाजूचं असं नुकसान मी अनेकदा पाहिलंय.

फरक आहे तो माल वजा जाता उरलेल्या वाट्यात. आणि तिथंही सगळीकडे नाही. गल्ल्यावर बसणारा, फळ्या लावणारा, झाडलोट करणारा ही माणसं दोन्ही ठिकाणी गावातलीच असतात, त्यांचा पगार दोन्ही ठिकाणी गावातच येतो. विजेचं बिल दोघांनाही येतं. भाडं कुठं जातं हे जागेचा मालक कुठं राहतो त्यावर ठरतं, दुकानाच्या पाटीवर नाही. 'साखळी गावातल्या पोरांना नोकऱ्या देते' असं म्हणणारे इथवर बरोबर असतात.

चुकतात ते पुढच्या दोन वाट्यांपाशी. पहिला वाटा नफ्याचा, तो सगळ्यांच्या लक्षात येतो. दुसरा कुणाच्या लक्षातच येत नाही, आणि माझ्या मते तो जास्त महत्त्वाचा आहे. दुकान चालवायला लागणारी पांढरपेशी आणि जोडीची कामं. हिशेब कोण लिहितं, करार कोण तपासतं, जाहिरात कोण करतं, काय माल आणायचा हे कोण ठरवतं, पाटी कोण रंगवतं, बिघडलेलं यंत्र कोण दुरुस्त करतं? गावच्या दुकानाला यातलं बरंचसं गावातच शोधावं लागतं. त्यामुळे गावात एक हिशेबनीस टिकतो, एक छापखाना टिकतो, एक वकील, एक सुतार. साखळीत यातली बहुतेक कामं मुख्यालयात एकदाच होतात आणि हजार शाखांना पुरतात. तिच्या स्वस्ताईचा एक मोठा भाग याच काटकसरीतून येतो. पण शाखा ज्या गावात आहे तिथं फळ्या लावायचं काम उरतं, आणि हिशेब शिकलेल्या मुलीला मुख्यालयाच्या शहरात जावं लागतं.

ते शहर कोणतं, हेही बघण्यासारखं आहे. वॉलमार्टचं पहिलं दुकान १९६२ साली आर्कान्सा राज्यातल्या रॉजर्स या छोट्या गावात उघडलं. त्या दिवशी ते त्या भागाचं दुकान होतं. मुख्यालय आजही शेजारच्या बेंटनव्हिलमध्येच आहे, म्हणजे बेंटनव्हिलसाठी वॉलमार्ट आजही गावचं आहे. जगातली ही सर्वांत मोठी किरकोळ साखळी एका गावासाठी स्थानिक आणि इतर हजारो गावांसाठी पाहुणी आहे. 'गावचं' हा दुकानाच्या अंगचा गुण नाही, ते दुकान आणि विशिष्ट गाव यांच्यातलं नातं आहे.

आता आकडे, कारण त्यांचाही भरपूर गैरवापर होतो. २००२ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात सिव्हिक इकॉनॉमिक्स या संस्थेने एक हिशेब मांडला. बॉर्डर्स या पुस्तकांच्या साखळीत खर्च झालेल्या १०० डॉलरमागे शहराच्या अर्थव्यवहारावरचा परिणाम १३ डॉलरचा. तेवढेच पैसे तिथल्याच पुस्तकांच्या आणि संगीताच्या स्वतंत्र दुकानांत खर्च झाले तर ४५ डॉलरचा. २००४ साली त्याच संस्थेने शिकागोच्या अँडरसनव्हिल भागात असाच हिशेब केला, तिथं साखळीचे ४३ आणि स्थानिकांचे ६८ आले. हे आकडे दोन दशकं फिरताहेत आणि बहुतेक वेळा 'एवढे पैसे गावात उरतात' असे वाचले जातात. ते गल्ल्यात उरलेले पैसे नाहीत. तो पैसा पुढच्या हातांत फिरल्याने जी उलाढाल होते, तिच्यासकट धरलेला तो अंदाज आहे. शिवाय हिशेब मोजक्या दुकानांच्या वह्यांवर बेतलेला होता, आणि अँडरसनव्हिलचा अभ्यास तिथल्याच विकास संस्थेने करवून घेतला होता. म्हणून तो खोटा ठरत नाही, पण तोच आकडा उचलून प्रत्येक गावाला आणि प्रत्येक मालाला चिकटवणं चूक आहे.

दोन शहरांच्या आकड्यांत एवढी तफावत का, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. ऑस्टिनमध्ये मोजली होती पुस्तकं आणि संगीत, म्हणजे बाहेर तयार झालेला माल. अँडरसनव्हिलमध्ये खानावळी आणि सेवाही होत्या. जिथं किमतीत माल कमी आणि माणसाचे कष्ट जास्त, तिथं गावात राहणारा वाटा मुळातच मोठा. शिलाई, दुरुस्ती, केस कापणं, जेवण, शिकवणी यांवर गावच्या माणसाकडे केलेला खर्च गावाला जितका पोचतो, तितका कारखान्यातून बंद डब्यात आलेल्या साबणावरचा पोचत नाही. मी स्वतः याच हिशेबाने चालतो. दुरुस्ती आणि सेवा कटाक्षाने गावच्या माणसाकडे. बंद डब्यासाठी कुणी साखळीत गेलं तर माझी तक्रार नाही.

पैसा 'राहतो' या शब्दावरही माझा आक्षेप आहे. पैसा राहिला तर उपयोग काय? तो फिरायला हवा. एकदा खर्च झालेला पैसा हातोहात फिरून किती पट उलाढाल करतो, याला गुणक म्हणतात. ही कल्पना रिचर्ड कान या अर्थतज्ज्ञांनी १९३१ साली मांडली, सार्वजनिक कामांतून रोजगार किती वाढतो हे काढण्यासाठी. ब्रिटनच्या न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशन या संशोधन संस्थेने ती गावपातळीवर सोपी करून तीन फेऱ्यांपुरती मोजली. समजा, दर फेरीत निम्मा पैसा गावात खर्च होतो. १००, मग ५०, मग २५, एकूण १७५. दर फेरीत पाचवा हिस्साच होत असेल तर १००, २० आणि ४, एकूण १२४. यातली दुसरी आणि तिसरी फेरी दुकानदाराच्या आणि त्याच्या नोकरांच्या हातात असते. गावचा दुकानदार स्वतःची सगळी खरेदी बाहेर करत असेल तर पैशाचं हे फिरणं तिथंच थांबतं. गिऱ्हाइकाला उपदेश करणाऱ्या व्यापाऱ्यांनी हा हिशेब आधी आपल्या घरचा करावा, असं मला ठामपणे वाटतं.

रोजगाराबद्दल दोन्हीकडचे लोक फार खात्रीने बोलतात. तज्ज्ञांमध्ये तेवढं एकमत नाही. बास्कर यांच्या अभ्यासात वॉलमार्ट आल्यावर त्या काउंटीतल्या (म्हणजे जिल्ह्यासारख्या भागातल्या) किरकोळ व्यापारात सुमारे १०० नोकऱ्या वाढल्या, आणि बाकीची दुकानं बंद पडत गेल्याने पुढच्या पाच वर्षांत त्यातल्या निम्म्या गेल्या. डेव्हिड न्यूमार्क आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासात उलटं निघालं. वॉलमार्टच्या एका कामगारामागे बाकीच्या दुकानांतले साधारण १.४ कामगार कमी झाले. दुकान कुठं आणि केव्हा उघडायचं हे कंपनी स्वतः विचार करून ठरवते, त्यामुळे वाढतं गाव तिनं निवडलं की तिच्यामुळे गाव वाढलं, हे वेगळं काढणं अवघड जातं. पगाराचंही तसंच. मोठ्या कंपन्या सरासरीने लहानांपेक्षा जास्त पगार देतात, हे अर्थशास्त्रात पुन्हा पुन्हा दिसलंय. गावचा मालक म्हणजे दयाळू मालक असं गृहीत धरू नये.

तरीही मी गावच्या दुकानाच्या बाजूने आहे, ते बंद होण्याच्या निर्णयामुळे. गावच्या मालकासाठी दुकान ही पोटाची गोष्ट असते. ते चाललं, घर भागलं, तर तो उघडं ठेवतो. साखळीसाठी तुमची शाखा म्हणजे यादीतली एक ओळ. ती तोट्यात नसतानाही बंद होऊ शकते, कारण तेच भांडवल दुसरीकडे जास्त मिळवतं. हा निर्णय घेणारे तुमच्या गावात राहत नाहीत, दुसऱ्या दिवशी रस्त्यात त्यांची तुमची गाठ पडत नाही. तोवर जुनी दुकानं गेलेली असतात. आणि रिकामी जागा दुसऱ्याला मिळेलच असंही नाही. सोडलेल्या जागेत प्रतिस्पर्धी दुकान येऊ नये अशी अट करारातच घालण्याची पद्धत सुपरमार्केटांमध्ये होती. ब्रिटनमध्ये तिचा इतका त्रास झाला की २०१० साली मोठ्या सुपरमार्केटांना अशा अटी घालायला खास आदेशाने बंदी करावी लागली.

राहता राहिली फ्रँचायझी, आणि इथंच सगळ्यात जास्त लोक अडखळतात. मालक गावचा, पाटी बाहेरची. 'अहो, आपलाच माणूस आहे तो!' असं म्हणतात, आणि ते खरंही असतं. अशा वेळी मी तीन गोष्टी बघतो. नफा कुठं जातो? काही गावात, काही रॉयल्टीतून, म्हणजे नाव वापरण्याबद्दल कंपनीला द्याव्या लागणाऱ्या रकमेतून, बाहेर. आणि ही रॉयल्टी बहुधा विक्रीवर आकारली जाते, नफ्यावर नाही, म्हणजे मंदीच्या महिन्यातही ती द्यावी लागते. पांढरपेशी कामं कोण करतं? बहुतेक मुख्यालय, कारण जाहिरात, मांडणी, कुठून काय घ्यायचं हे सगळं ठरवून दिलेलं असतं. आणि बंद करायचं कोण ठरवतं? दोघंही. मालक थकला तरी बंद, कंपनीने करार वाढवला नाही तरी बंद. त्या मालकाचं घर गावात आहे, कर्ज त्याच्या डोक्यावर आहे, आणि पाटीवरचं नाव मात्र करार संपला की उतरवावं लागतं. त्याला मी गावचा माणूस म्हणेन. त्याचं दुकान अर्धं गावचं, अर्धं गावातलं.