ऑइलचा दाब वाढला, म्हणजे नेमके काय वाढले?

ऑइल प्रेशरचा काटा खाली आला की गाडीचालक घाबरतो. तोच काटा नेहमीपेक्षा वर जाऊन बसला, तर इंजिनाला भरपूर ऑइल मिळत आहे असे समजून तो निर्धास्त होतो. ही समजूत चुकीची आहे, कारण गेज फक्त दाब दाखवते. ऑइल किती वाहते आहे हे त्यावरून कळत नाही.

बहुतेक इंजिनांतला दातेरी पंप प्रत्येक फेऱ्यात जवळपास ठरावीकच ऑइल पुढे ढकलतो आणि त्या ऑइलच्या वाटेतल्या अडथळ्यामुळे दाब तयार होतो. मोठा अडथळा असतो तो क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) आणि त्याला आधार देणारे बेअरिंग यांच्यामधल्या, मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतक्या फटीचा. अशा फटीतला प्रवाह तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे फट निम्मी झाली तर तेवढ्याच दाबाला एक अष्टमांशच ऑइल पलीकडे जाते. ऑइल दाट असले तरी प्रवाह घटतो; ५डब्ल्यू-३० ग्रेडचे ऑइल १०० अंश सेल्सिअसला असते त्याच्या पाच-सहा पट दाट ४० अंशांना असते. म्हणून थंड इंजिनात काटा चढलेला दिसणे स्वाभाविक आहे. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ लागला की रिलीफ व्हॉल्व्हची, म्हणजे जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेची, स्प्रिंग दबते आणि जास्तीचे ऑइल बेअरिंगकडे न जाताच माघारी वळते.

मुळात फिरता शाफ्ट पंपाच्या दाबावर तरंगत नाही. १८८०च्या दशकात इंग्लंडमध्ये बोशाँ टॉवर यांनी रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करताना बेअरिंगच्या माथ्यावर छिद्र पाडले, तेव्हा त्यातून तेल उसळून वर आले आणि छिद्रात ठोकलेले लाकडी बूचही बाहेर ढकलले गेले. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्याचे गणित मांडले: फिरणारा शाफ्ट चिकट तेलाला निमुळत्या जागेत ओढून नेतो आणि तिथे पंपाच्या कितीतरी पट दाब निर्माण होतो. पंपाने त्या जागेला तेल पुरवत राहावे, एवढेच त्याचे काम. दाब वाढवून इंजिनाचे आयुष्य वाढवण्याची हमी देणाऱ्या, ऑइलमध्ये ओतायच्या द्रवांच्या बाटल्यांवर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

काटा का चढला याचे निदान करताना पहिला संशय गेजवरच घ्यावा. इंजिन बंद ठेवून चावी फिरवली असता काटा शून्यावर हवा. तो वर असेल, तर दोष सेंडर (इंजिनावर बसवलेला, दाब मोजून गेजला कळवणारा भाग), वायर किंवा गेज यांच्यात आहे, कारण रचनेनुसार तुटलेली किंवा बॉडीला टेकलेली वायर काट्याला टोकाला नेते. काटा शून्यावर असला, तरी सेंडर काढून त्या जागी यांत्रिक (विजेविना, थेट ऑइलच्या दाबावर चालणारे) गेज जोडावे आणि इंजिन पूर्ण तापल्यावर मिळालेले आकडे निर्मात्याच्या पुस्तिकेशी ताडून पाहावेत. पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर आला, तरी ऑइल तेवढे तापलेले नसते, हे येथे बरेचदा विसरले जाते.

या गेजवरही दाब जास्तच आला, तर आधी ऑइलची ग्रेड तपासावी. ती योग्य असून वेग वाढवताना दाब कोठेच स्थिरावत नसेल, तर रिलीफ व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला असण्याची शक्यता मोठी. मग फिल्टर फुगतो किंवा त्याच्या गॅसकेटमधून ऑइल झिरपते. सर्वांत घातक कारण म्हणजे सेंडरच्या पुढच्या वाटेत साचलेला गाळ. त्यात काटा वर असतो आणि पलीकडचे बेअरिंग कोरडे पडत असते; अशा वेळी टॅपेटचा (इंजिनाच्या झडपा ढकलणाऱ्या भागांचा) खडखडाट ऐकू आला, तर इंजिन लगेच बंद करावे.