'क्लोजर टू द एडिट'च्या मागची तीस वर्षं

२००१ मध्ये डीजे रिची हॉटिनचा 'डीई९: क्लोजर टू द एडिट' हा अल्बम आला. त्यातलं मूळ संगीत बहुतेक दुसऱ्यांचं. हॉटिननं टेक्नोचे, म्हणजे यंत्रांवर बनवलेल्या एकसारख्या ठेक्याच्या नृत्यसंगीताचे, शंभरावर ट्रॅक घेतले, त्यांचे तीनशेच्या वर लूप (पुन्हापुन्हा वाजवायचे छोटे तुकडे) कापले आणि संगणकावर त्यांची नव्यानं जुळणी केली. काही लूप दोन-चार आवर्तनांचे, काही जेमतेम एका सुराचे. ऐकताना एक ट्रॅक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे कळत नाही, कारण तसा सांधाच कुठे ठेवलेला नाही. तरीही हा डीजेचा मिक्स अल्बमच, म्हणजे दुसऱ्यांचे ट्रॅक सलग जोडून केलेला. डीजेच्या कामात हात (तिथल्या तिथे तबकड्या जुळवणं) महत्त्वाचा की कात्री (कापून जोडणं), हा वाद त्याच्या बराच आधीपासूनचा आहे.

हाताची बाजू सुरू होते न्यूयॉर्कमध्ये. १९७० च्या आसपास सँक्च्युअरी नावाचा क्लब एका जुन्या चर्चमध्ये चालायचा. तिथे फ्रान्सिस ग्रासो तबकड्या लावायचा. खाली चकती फिरत असताना वरची रेकॉर्ड बोटानं धरून ठेवायची आणि नेमक्या ठोक्यावर सोडायची, ही त्याची करामत. एक गाणं संपायच्या आत दुसरं त्याच लयीत सुरू झालेलं असायचं, त्यामुळे नाचणाऱ्यांचे पाय थांबत नसत. कात्रीवाला होता टॉम मोल्टन. १९७५ मध्ये ग्लोरिया गेनरच्या पहिल्या अल्बमची एक अख्खी बाजू त्यानं सलग जोडली: तीन गाणी, मध्ये विराम नाही. हे काम क्लबात झालं नव्हतं, स्टुडिओत टेपवर झालं होतं.

पुढची वीसेक वर्षं हाताचीच. त्याला मोठा आधार मिळाला टेक्निक्स एसएल-१२०० या टर्नटेबलचा. त्याची १९७९ ची मार्क-२ आवृत्ती क्लबांमध्ये घट्ट बसली. पट्ट्याऐवजी चकती थेट मोटरवर फिरते, आणि उजव्या कडेला एक सरकपट्टी असते, तिनं वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त होतो. हेडफोनची एक बाजू कानाला, दुसरा कान हॉलकडे. पुढची तबकडी किंचित पुढे पळतेय असं वाटलं की कडेला बोट टेकवायचं, मागे पडली तर हलकंसं ढकलायचं. दोन्हींचे ठोके एकमेकांवर बसले की मिक्सरवरचा दट्ट्या सरकवायचा, की आवाज एका तबकडीवरून दुसरीवर जातो. सांगायला दोन मिनिटं लागतात; हातात बसायला महिने जातात.

वाजायचं ते संगीतही आडवाटेचंच. डेट्रॉइटमध्ये हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन यांनी ऐंशीच्या दशकात टेक्नोला आकार दिला, पण हे ट्रॅक बारा इंची तबकडीवर थोड्या प्रतींत निघत आणि ठरावीक दुकानांतच मिळत. काहींच्या लेबलवर तर नावही नसे. घरी टर्नटेबल नसलेल्यानं हे ऐकायचं कुठे? म्हणून नव्वदच्या दशकात मिक्स सीडीला महत्त्व आलं. बर्लिनच्या 'के-सेव्हन' या कंपनीनं १९९३ मध्ये 'एक्स-मिक्स' आणि १९९५ मध्ये 'डीजे-किक्स' या मालिका सुरू केल्या. ब्रिटनमध्ये साशा आणि जॉन डिगवीड या डीजेंचा 'रेनेसान्स' हा तीन सीडींचा संच १९९४ मध्ये आला.

गोव्यात मात्र गाडी वेगळ्या रुळावर होती. हणजुणे, वागातोरच्या उन्हात आणि वाळूत तबकड्या टिकणं कठीण, म्हणून तिथले डीजे कॅसेट आणि पुढे डॅट (छोट्या कॅसेटमधली डिजिटल टेप) वापरत. डॅटवर लय जुळवायची सोय जवळपास नव्हतीच. एक ट्रॅक विरत आला की दुसरा चढवायचा, एवढंच. १९९४ मध्ये ब्रिटिश डीजे पॉल ओकनफोल्डनं बीबीसी रेडिओ-१ साठी केलेला मिक्स 'गोवा मिक्स' म्हणूनच प्रसिद्ध झाला, पण तो रेडिओवरचा. दुकानात विकायच्या सीडीचं गणित निराळं.

ते गणित परवानग्यांचं. सीडीवरच्या प्रत्येक ट्रॅकसाठी त्याच्या लेबलची, म्हणजे तो काढणाऱ्या कंपनीची, लेखी संमती लागते. एखाद्यानं नाही म्हटलं की तो ट्रॅक गेला, आणि त्याच्या अलीकडचा-पलीकडचा जोडही गेला. क्लबातल्या रात्री डीजेला कोणी विचारत नाही. सीडीवर त्याची निवड आधी कागदांवर ठरते. या प्रकाराच्या इतिहासात कलेइतकाच वाटा या पत्रव्यवहाराचा आहे, असं मला वाटतं.

हाताच्या बाजूचं टोक म्हणजे १९९६ मधलं डेट्रॉइटच्या डीजे जेफ मिल्सचं 'लाइव्ह अ‍ॅट द लिक्विड रूम, टोकियो'. ट्रॅक बदलण्याची घाई, सुयांची खरखर, मध्येच उडी मारणारी तबकडी, सगळं त्यात तसंच आहे. आजही मला तेच जास्त आवडतं.

हॉटिनला हे सगळं जवळून ठाऊक होतं. जन्म इंग्लंडमधला, पण वाढला कॅनडातल्या विंडसरजवळ. नदी ओलांडली की डेट्रॉइट. वडील जनरल मोटर्समध्ये रोबोटिक्सचे तंत्रज्ञ. १९९० मध्ये त्यानं जॉन अ‍ॅक्वाविव्हाबरोबर 'प्लस-८' हे लेबल काढलं. १९९९ च्या 'डेक्स, ईएफएक्स अँड ९०९' मध्ये तबकड्यांवर रोलँडच्या टीआर-९०९ या ठेका वाजवणाऱ्या यंत्राचे ठेके चढवले होते. म्हणजे तबकड्या होत्याच, पण आता त्यांच्यावर डीजेची स्वतःची भर होती. त्याच सुमारास फायनल स्क्रॅच ही डच मंडळींनी विकसित केलेली प्रणाली आली. तिच्यात विशेष खुणा कोरलेली तबकडी हातानं फिरवायची आणि आवाज यायचा संगणकातल्या फाइलचा. हॉटिन आणि अ‍ॅक्वाविव्हा तिचे सुरुवातीचे पुरस्कर्ते. 'डीई९' तयार करताना ती होती, प्रोटूल्स हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअरही होतं. कात्री परत आली ती अशी, आणि या वेळी तिला एका सुराइतका बारीक तुकडाही कापता येत होता.

२००५ मध्ये 'डीई९: ट्रान्झिशन्स' आला, डीव्हीडीवर, घराच्या सहा स्पीकरांसाठी. तोवर डीजे मिक्स इंटरनेटवर फुकट मिळू लागले होते आणि सीडीची गरज ओसरत होती. त्या काळातल्या कितीतरी मिक्स सीडी आज स्ट्रीमिंगवर सापडत नाहीत. परवानग्या घेतल्या होत्या त्या सीडी छापण्यापुरत्या. आता त्या नव्यानं घ्यायच्या तर त्यातली निम्मी लेबलं बंद पडलेली, आणि उरलेल्यांत ट्रॅकचा हक्क नेमका कोणाकडे आहे यावर वाद.