सगळ्या मीटिंग सारख्या का नसतात

दारू सोडायची म्हणून माणूस कसाबसा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमससारख्या, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या एका मीटिंगला जातो. तिथे मन लागत नाही आणि ‘हे आपल्याला जमणारं नाही’ म्हणून तो पुन्हा फिरकत नाही. त्याने पाहिलेली असते एकच मीटिंग. शेजारच्या गल्लीतली दुसरी मीटिंग अगदी वेगळी असू शकते. त्या वेगळेपणामागे जवळपास दोन शतकांचा अनुभव आहे आणि तो ठाऊक असला की आपली मीटिंग शोधणं सोपं जातं.

१८४० साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये गुत्त्यात बसणाऱ्या सहा जणांनी दारू सोडायची शपथ घेतली आणि ‘वॉशिंग्टोनियन’ चळवळ सुरू झाली. उभं राहून स्वतःची कहाणी सांगायची, एवढीच रीत. लोक लोंढ्याने आले. पण पुढे दारूबंदीचं राजकारण, वक्ते, न पिणारे सुधारक असं सगळंच आत शिरलं आणि काही वर्षांत चळवळ विरून गेली.

मे १९३५. न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन कामासाठी अमेरिकेतल्याच अ‍ॅक्रन शहरात आला होता. काम फिसकटलं. हॉटेलच्या लॉबीत एका टोकाला बार, दुसऱ्या टोकाला टेलिफोन. पाच महिने त्याने दारूला हात लावला नव्हता. तो टेलिफोनकडे वळला आणि दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायला मिळेल का, असं चर्चच्या लोकांकडे विचारत राहिला. त्यातूनच सर्जन डॉ. बॉब स्मिथ भेटले. ते पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते, बसले मात्र सहा तासांच्या वर. कारण समोरचा उपदेश करत नव्हता, स्वतःचं सांगत होता. डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ हा दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, आपला स्थापना दिवस मानते. मीटिंगमध्ये एक जण बोलताना इतरांनी मध्ये सल्ला द्यायचा नाही, हा शिरस्ता त्याच वृत्तीतला. सवय नसलेल्याला ती शांतता थंडपणा वाटते, पण ती बोलणाऱ्याला दिलेली मोकळीक असते.

सुरुवातीला हे लोक ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती मंडळातच बसत. १९३९ मध्ये क्लीव्हलंडचा गट वेगळा झाला. तिथल्या कॅथलिक सदस्यांना ते मंडळ चालत नव्हतं, हे त्यामागचं एक कारण. त्याच वर्षी एएचं मुख्य पुस्तक आलं. ‘देव’ या शब्दावर आतच वाद झाला आणि ‘आम्हाला समजेल तसा देव’ अशी तडजोड झाली. १९५० मध्ये बारा परंपरा, म्हणजे गटांनी कसं चालायचं याची तत्त्वं, स्वीकारल्या गेल्या. त्यातल्या दोन नवख्याने लक्षात ठेवाव्यात. सदस्य व्हायला दारू सोडायची इच्छा पुरते; फी नाही, फॉर्म नाही. आणि प्रत्येक गट आपला कारभार आपण ठरवतो. म्हणूनच एका ठिकाणी प्रार्थना ठळक असते, दुसरीकडे पुस्तकाचं वाचन, तिसरीकडे एकच वक्ता तासभर बोलतो. एका गटावरून एएची परीक्षा करणं म्हणूनच चुकीचं आहे. पाच-सहा वेगळ्या मीटिंग पाहून मग ठरवा.

‘ओपन’ मीटिंगला कुणीही येऊ शकतं, ‘क्लोज्ड’ फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी. बायकोला किंवा भावाला सोबत न्यायचं असेल तर आधी एवढं विचारून घ्या, नाहीतर दारातच अवघडल्यासारखं होतं. घरच्यांसाठी १९५१ पासून अल-अनॉन स्वतंत्र आहे.

एएचा मूळ कार्यक्रम म्हणजे दारू सोडण्याच्या बारा पायऱ्या. त्या सगळ्यांनाच मानवल्या नाहीत. आधीच अपराधभावाने खचलेल्या स्त्रियांना पहिल्या पायरीतलं ‘आपण हतबल आहोत’ हे वाक्य उभारी देत नाही, असं समाजशास्त्रज्ञ जीन कर्कपॅट्रिक यांना वाटलं. १९७५ मध्ये त्यांनी ‘विमेन फॉर सोब्रायटी’ सुरू केली. १९९४ पासून ‘स्मार्ट रिकव्हरी’ आहे. तिथे देवाचा विषय नाही, विचार आणि सवयी बदलण्याच्या मानसशास्त्रीय पद्धती आहेत, प्रशिक्षित संचालक असतो आणि एकमेकांशी थेट चर्चा चालते. फक्त ऐकत बसणं जड जाणाऱ्याने इथे जाऊन पाहावं.

एक गोष्ट मात्र कुठलीही मीटिंग करू शकत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊ शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो. हातांना कंप, घाम, उलट्या सुरू झाल्या तर आधी डॉक्टर.

आणि पत्ता मिळूनही माणूस पोचत का नाही? १९८१ मध्ये वीस रुग्णांवरचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा जणांना मीटिंगची वेळ, ठिकाण सांगून जायला प्रोत्साहन दिलं. उरलेल्या दहांना समुपदेशकाने समोरच एका जुन्या सदस्याला फोन लावून दिला आणि त्या सदस्याने सोबत यायची तयारी दाखवली. पहिल्या दहांतला एकही गेला नाही, दुसरे दहाही गेले. तेव्हा गटाच्या नंबरवर फोन करा आणि सरळ म्हणा, ‘पहिलीच वेळ आहे, दारात कुणी भेटेल का?’ दहा मिनिटं आधी पोचा. बोलायची पाळी आली तर नाव सांगून ‘आज फक्त ऐकतो’ म्हटलं तरी चालतं.