वसुली एजंटशी परवडणारा हप्ता कसा ठरवावा : थकीत कर्जदारांसाठी माहितीपत्रक

हप्ता थकला आणि फोन सुरू झाले, की बहुतेक जण कुठून तरी हातउसने आणतात आणि एजंटचं तोंड बंद करतात. पुढच्या महिन्यात तेवढे पैसे नसतात, फोन पुन्हा येतात, आता उसनवारीही फेडायची असते. हे थांबवायचं तर वाईट महिन्यातही भरता येईल असा आकडा आधी घरी काढा आणि तो लेखी, थेट बँकेला किंवा फायनान्स कंपनीला कळवा. एजंटच्या हाती हप्ता कमी करणं किंवा दंड माफ करणं नसतं. तो फक्त निरोप नेतो.

एजंट एवढी घाई का करतो, तेही समजून घ्या. थकबाकी 30, 60 आणि 90 दिवसांच्या टप्प्यांत मोजतात. त्याला ते 'बकेट' म्हणतात. 90 दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशोबात अनुत्पादक कर्ज, होतं. महिना संपताना खातं पुढच्या बकेटमध्ये जाऊ नये यासाठी वसुलीच्या लोकांवर टार्गेट असतं, आणि त्यांची कमाई बऱ्याचदा वसुलीवरच ठरते. 'आज संध्याकाळी पाचपर्यंत भरा' ही मुदत म्हणूनच कर्जाच्या करारात कुठेच सापडत नाही.

आकडा काढताना

समजा घरात महिन्याला 32,000 रुपये येतात. भाडं 7,500, किराणा आणि गॅस 8,500, शाळा 2,500, प्रवास 2,000, वीज आणि मोबाइल 1,500, औषधं 1,000. झाले 23,000. उरलेल्या 9,000 मधून 1,500 आजारपण आणि सणवारासाठी बाजूला ठेवा. हे 1,500 धरलेच नाहीत, तर ठरलेला हप्ता तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तुटतो. बहुतेक ठराव इथेच मोडतात.

राहिले 7,500. दुचाकीचा हप्ता 3,200 असेल तर तो आधी पूर्ण भरा, कारण तिथे गाडी तारण आहे आणि तीच उचलली जाते. गहाण घर किंवा दागिने असतील तर त्यांनाही हाच नियम. उरलेले 4,300 विनातारण कर्जांत बाकी रकमेच्या प्रमाणात वाटा. वैयक्तिक कर्ज 1,20,000 आणि क्रेडिट कार्ड 52,000 बाकी असेल, तर एकाला 3,000 आणि दुसऱ्याला 1,300 येतात. जो जास्त ओरडतो त्याला जास्त, असं करू नका; दुसरा आठवड्याभरात तसाच ओरडू लागतो.

आता व्याज तपासा. वैयक्तिक कर्जाला वार्षिक 18 टक्के दर असेल तर महिन्याचं व्याज 1,800 होतं. 3,000 भरल्यावर 1,200 मुद्दलात जातात आणि कर्ज साधारण 62 महिन्यांत फिटतं. कार्डाचं गणित वेगळं आहे. महिना 3.5 टक्के दराने 52,000 वर 1,820 व्याज चढतं, म्हणजे 1,300 भरूनही बाकी वाढतच जाते. म्हणून कार्डाच्या बाबतीत नुसता 'कमी हप्ता' मागू नका. कार्ड बंद करून बाकी रकमेचं कमी व्याजाच्या मुदत कर्जात रूपांतर करा, अशी मागणी करा.

पत्र

शाखाधिकारी आणि संस्थेचा तक्रार निवारण अधिकारी, दोघांना ईमेल करा आणि एक प्रत स्पीड पोस्टने पाठवा. मजकूर एवढाच पुरे:

'माझं कर्ज खातं क्रमांक अमुक. उत्पन्न घटल्यामुळे 6,400 चा हप्ता भरता येत नाही. उत्पन्न-खर्चाचा तक्ता आणि तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट जोडलं आहे. दरमहा 7 तारखेला 3,000 रुपये भरू शकतो. त्यानुसार मुदत वाढवून नवीन परतफेड तक्ता द्यावा, दंड आकारणी थांबवावी आणि ऑटो-डेबिटची रक्कम बदलावी. आजपर्यंतचं संपूर्ण खाते-विवरण पाठवावं.'

ऑटो-डेबिटचं वाक्य विसरू नका. जुन्या रकमेचं डेबिट चालू राहिलं तर ते दरवेळी बाउन्स होतं आणि तुमची बँक व कर्ज देणारी संस्था दोघंही शुल्क लावतात. विवरण आल्यावर दंडाचा रकाना पाहा. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाप्रमाणे हप्ता चुकल्याचा दंड शुल्क म्हणून लावायचा असतो, व्याजदरात मिसळून नाही, आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही.

उत्तर येण्याआधीच ठरल्या तारखेला पहिले 3,000 कर्ज खात्यात भरा. दोन-तीन महिने नियमित भरणा दिसला की बोलणी सोपी जातात. एक सावधगिरी मात्र हवी: शेवटचा भरणा किंवा लेखी कबुली होऊन तीन वर्षं उलटली असतील, तर पत्र लिहिण्याआधी किंवा एक रुपयाही भरण्याआधी वकिलाला विचारा. मुदतीचा कायदा, म्हणजे ठरावीक काळानंतर वसुलीचा दावा लावता येत नाही हा नियम, तिथे तुमच्या बाजूने असू शकतो.

फोनवर आणि दारात

एजंट म्हणेल, 'पोलीस घेऊन येतो.' शांतपणे सांगा: 'साहेब, माझा प्रस्ताव अमुक तारखेला ईमेलने बँकेकडे गेला आहे. तुमचं नाव, एजन्सी आणि अधिकारपत्र पाठवा. पैसे कर्ज खात्यातच भरीन.' एवढं बोलून फोन ठेवा. वाद घालू नका, आणि 'सोमवारी देतो' असं तर मुळीच म्हणू नका. ते वचन म्हणून नोंदलं जातं आणि सोमवारी दहा फोन येतात. प्रत्येक फोनची तारीख, वेळ आणि नंबर वहीत लिहा, कॉल रेकॉर्ड करा.

हप्ता थकणं हा गुन्हा नाही, ती दिवाणी बाब आहे. चेक किंवा ऑटो-डेबिट बाउन्स झाल्याची कायदेशीर नोटीस मात्र हलक्यात घेऊ नका. ती मिळाल्यापासून 15 दिवसांत रक्कम भरली नाही तर फौजदारी तक्रार होऊ शकते.

रिझर्व्ह बँकेच्या 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकानुसार सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाईक आणि मित्रांना त्रास, सतत फोन, हे सगळं मना आहे. दारात आलेल्याकडे ओळखपत्र आणि संस्थेचं अधिकारपत्र मागा. नसेल तर त्याला घरात घेण्याचं कारण नाही.

पैसे एजंटच्या हातात रोख किंवा त्याच्या यूपीआयवर कधीही देऊ नका, 'पावती नंतर आणून देतो' म्हणाला तरी. ते पैसे खात्यात पोचलेच नाहीत, तर भरल्याचा पुरावा तुमच्याकडे काहीच नसतो.

एकरकमी सेटलमेंट

हातात खरोखर रक्कम असेल तरच हा मार्ग. आधी संस्थेच्या लेटरहेडवर पत्र घ्या: खाते क्रमांक, ठरलेली रक्कम, भरण्याच्या तारखा, उरलेली बाकी माफ असल्याचं वाक्य आणि नो ड्यूज (काही देणं उरलं नसल्याचा) दाखला कधी मिळेल ते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो शाखेतून खरा करून घ्या, मगच भरा. हप्त्यांत सेटलमेंट असेल आणि एक तारीख चुकली, तर सहसा सवलत रद्द होते आणि भरलेले पैसे साध्या थकबाकीत जमा धरले जातात. क्रेडिट अहवालात अशा खात्यापुढे 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' लागतं आणि पुढच्या कर्जाला ते आडवं येतं. घरासाठी कर्ज घ्यायचा विचार असेल तर आमचा सल्ला लांबचा पण पूर्ण फेडीचा.

ऐकलंच नाही तर

संस्थेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तिच्या तक्रार पोर्टलवर विनाशुल्क तक्रार करता येते, माहितीसाठी 14448. धमकी किंवा घरात घुसणं झालं तर थेट पोलीस ठाणं गाठा, लोकपालाची वाट पाहू नका. मोफत वकील हवा असेल तर 15100 वर विधी सेवा प्राधिकरणाशी बोला. महिलांना उत्पन्नाची अट नाही.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर लोकपाल उपयोगाचा नाही. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करण्याचा निबंधकाचा आदेश, मिळवू शकते, त्यामुळे उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयाची नोटीस आली की दिलेल्या तारखेला हजर राहा आणि हप्त्याचा प्रस्ताव तिथे लेखी द्या. विनापरवाना सावकाराविरुद्धही तक्रार याच कार्यालयात होते.

आमच्याकडे येताना कर्जाचा करार, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आलेल्या नोटिसा पाकिटांसह आणि फोनची वही घेऊन या. नोटिशीच्या मुदती कधी मिळाली यावरून मोजतात आणि ते पाकिटावरच्या शिक्क्यावरून कळतं, म्हणून पाकीट फेकू नका.