स्तोरेर

पॅरिसमधील सर्वांत जुने पेस्ट्रीचे दुकान. शहराच्या दुसऱ्या विभागात ५१, र्यू मोंतोर्गेइ येथे १७३० पासून ते चालू आहे. १९६९ पर्यंत पॅरिसचा घाऊक अन्नबाजार येथून जवळच, ले हाल येथे भरत असे.

संस्थापक निकोला स्तोरेर हा पदच्युत पोलिश राजा स्तानिस्लाव लेश्चिन्स्की याच्या मुदपाकखान्यात तयार झालेला आचारी. १७२५ मध्ये स्तानिस्लावची मुलगी मारी हिचा विवाह फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्याशी झाला. तिच्याबरोबर स्तोरेर व्हर्सायला गेला आणि पाच वर्षांनी त्याने हे दुकान थाटले. ‘बाबा’ हा केक स्तानिस्लावच्याच घराण्याशी जोडला जातो. कोरडा पडलेला कुगलॉफ (यीस्टने फुगवलेला केक) स्तानिस्लावने मद्यात बुडवला आणि त्यावरून स्तोरेरने बाबा घडवला, अशी आख्यायिका आहे. हा प्रसंग लॉरेनच्या दरबारात घडल्याचे अनेकदा सांगतात, पण ते पटत नाही : लॉरेनची जहागीर स्तानिस्लावला १७३७ मध्ये मिळाली आणि तोवर स्तोरेर पॅरिसमध्ये दुकान चालवत होता. आरंभी बाबासाठी मालागाची गोड वाइन वापरत. रम नंतर आली.

बाबाच्या पिठात २५० ग्रॅम मैद्याला १० ग्रॅम ताजे यीस्ट, ३ अंडी, २० ग्रॅम साखर, ५ ग्रॅम मीठ आणि सुमारे ७५ ग्रॅम लोणी लागते. पीठ सैल, पण ताणले तरी न तुटणारे हवे, म्हणून आधी भरपूर मळतात आणि लोणी शेवटी घालतात. लोणी लवकर पडले तर मैद्यातील ग्लूटेन या चिवट प्रथिनाचे जाळे नीट बनत नाही आणि भिजवताना केक फुटतो. साचा अर्धाच भरतात. पीठ काठापर्यंत फुगले की भाजतात. भाजलेला बाबा एक दिवस वाळू देतात. ही पायरी गाळणे हीच सर्वांत मोठी चूक, कारण ताजा केक पाक कमी शोषतो आणि पाकात लगदा होतो.

पाकासाठी १ लिटर पाण्यात सुमारे ५०० ग्रॅम साखर घेतात. गुलाबजामाच्या पाकाहून हा पातळ असतो. त्याला तार येता कामा नये. ६० अंशांच्या आसपास तो केकमध्ये चांगला मुरतो. पाक उकळता असेल तर कड विरघळते, गार असेल तर गाभा पांढरा आणि कोरडा राहतो. म्हणून केक उलटून भिजवतात, मध्ये बोटाने दाबून पाहतात आणि मग जाळीवर निथळतात. उकळल्यास रमचा सुवास उडतो, त्यामुळे ती नंतर वरून ओततात. स्तोरेरचा ‘अली बाबा’ हा प्रकार क्रीम आणि मनुका घालून करतात.

दुसरी ओळखीची वस्तू ‘प्वी दामूर’. पापुद्रेदार पिठाच्या वाटीत व्हॅनिलाचे घट्ट क्रीम भरून वर साखर पेरतात आणि ती तापल्या लोखंडाने जाळून कुरकुरीत करतात. साखर हवेतला ओलावा ओढते, क्रीम खालून वाटी मऊ करते. त्यामुळे हा पदार्थ केल्याच्या दिवशीच खावा.

आतली सजावट १८६४ ची असून ती पॉल बोद्री या चित्रकाराच्या नावावर आहे. पॅरिसच्या गार्निये ऑपेराच्या विश्रांतिदालनातील छतचित्रे त्याचीच. दुकानाच्या भिंतींवर पक्वान्ने वाहणाऱ्या स्त्रियांच्या आकृती आहेत. गिऱ्हाईक काउंटरवर जे मागते तेच भिंतीवर रंगवलेले असणे, हे या खोलीचे खरे सौंदर्य. १९८४ मध्ये दुकानाची ऐतिहासिक वास्तू म्हणून नोंद झाली.

एकोणिसाव्या शतकातील पॅरिसच्या बेकऱ्यांत अशी चित्रे पुष्कळदा काचेच्या मागे असत. थेट काचेवर रंगवायचे तर क्रम उलटा : समोर दिसणारे बारकावे आणि सोनेरी रेघा आधी, पार्श्वभूमी शेवटी. काचेची पुढची बाजू रोज पुसता येते, पीठ आणि तूपकट वाफ चित्राला लागत नाही. धोका मागून असतो. भिंतीतला दमट ओलावा रंगाची काचेवरची पकड सोडवतो आणि पापुद्रे सुटू लागतात; मग समोरून कितीही पुसले तरी उपयोग नसतो, काच उतरवून मागच्या बाजूनेच रंग पुन्हा चिकटवावा लागतो.