ब्रेकची हवा काढणे (जुनी पिकअप)

हायड्रॉलिक ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा ब्रेक ऑइलच्या धारेबरोबर बाहेर घालवण्याचे काम. मुंबईच्या गॅरेजांत याला ‘एअर काढणे’ म्हणतात. पॅडल पायाखाली मऊ लागू लागले की ‘ब्रेकने एअर पकडली’ असे निदान होते. कामाला लागतो एक पाना, एक पारदर्शक नळी, एक बाटली आणि दोन माणसे. सामान एवढेच असल्यामुळे हे काम घाईत उरकले जाते आणि माल वाहणाऱ्या जुन्या गाडीत ही घाई जिवावर बेतू शकते.

पॅडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ऑइल पुढे ढकलतो आणि तो दाब चारही चाकांपर्यंत पोचतो. द्रव दाबाखाली जवळजवळ आकसत नाही, म्हणून पायाचा जोर थेट लायनरवर (घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीवर) उतरतो. हवा मात्र आकसते. नळीत बुडबुडा असला तर आधी तो दबतो आणि पॅडलची बरीचशी चाल त्यातच संपते. दोन-तीनदा भराभर पॅडल मारले की मास्टरमधून जास्तीचे ऑइल नळीत जाते, पॅडल वर येते, गाडी थांबते. इथेच फसगत होते. ‘दुसऱ्या पायाला ब्रेक लागतो’ म्हणत चालक महिनोन्महिने गाडी हाकतात. फ्लायओव्हरच्या उतारावर पुढची बस अचानक थांबली आणि मागे टनभर कांदा असला, तर दुसरा पाय मारायला वेळ मिळत नाही.

पॅडलची प्रत्येक तक्रार हवेची नसते. पॅडल स्पंजासारखे दबत असेल तर हवा. पॅडल कडक आहे पण फार खाली जाऊन लागते, तर बहुतेक वेळा मागच्या चाकांच्या ड्रममधले शू (लायनर बसवलेल्या कमानी) झिजून दूर गेलेले असतात. ते अ‍ॅडजस्ट केल्याखेरीज कितीही हवा काढली तरी फरक पडत नाही. सिग्नलवर पाय दाबून धरल्यावर पॅडल हळूहळू तळाकडे सरकते आणि बाहेर कुठेही गळती नाही, तर मास्टर सिलिंडरचे रबर आतून ऑइल सोडत आहे. दादरच्या हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर पॅडल कडक असूनही ब्रेक लागत नाही, तेव्हा लायनर भिजलेले असतात. हळू चालवत हलका ब्रेक देत राहिले की ते वाळतात.

हवा आपोआप तयार होत नाही. चाकाचा सिलिंडर किंवा होज (रबरी नळी) बदलताना नळी उघडते, ब्रेक ऑइलच्या टाकीतले ऑइल तळाला जाते, किंवा एखादे रबर झिजते, तेव्हा ती शिरते. भाऊच्या धक्क्यावरून आणि ससून डॉकवरून मासळी नेणाऱ्या पिकअपमध्ये आणखी एक कारण असते. बर्फाचे खारट पाणी हौद्याच्या फटींतून खाली ठिबकते आणि मागच्या अ‍ॅक्सलवरची लोखंडी नळी गंजून ओली दिसू लागते. अशा गाडीची नुसती हवा काढून देणे म्हणजे दुखणे झाकणे. आधी गळती बंद करायची, मग हवा.

रीत जुनी आहे. मास्तर (मेकॅनिक) गाडीखाली, हाताखालचा पोरगा सीटवर. खालून आवाज येतो, ‘मार... मार... धर!’ पोरगा पॅडल दाबून धरतो आणि ‘धरला’ म्हणतो. मास्तर चाकाजवळचा निप्पल (हवा सोडण्याचा पोकळ स्क्रू) पाव ते अर्धा फेरा सैल करतो, नळीतून बुडबुड्यांसकट ऑइल बाटलीत उतरते, पॅडल खाली जाते. निप्पल आवळून झाल्यावरच ‘सोड’. पाय आधी सुटला तर बाहेरची हवा परत आत ओढली जाते आणि सगळे पहिल्यापासून. नळीचे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेले हवे आणि टाकी एकदाही रिकामी होता कामा नये. सुरुवात मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकाने करतात. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून सहसा मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे असा क्रम लागतो. गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळावा.

जुन्या पिकअपमध्ये काही जागा हमखास अडवतात. दमट, खाऱ्या हवेत निप्पल जाम होतो. उघड्या तोंडाच्या पान्याने त्याचे कोपरे गोल होतात, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून रिंग पाना लावावा. बऱ्याच पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलला दांड्याने जोडलेला लोड वॉल्व्ह (मालाच्या वजनानुसार मागचा ब्रेक कमी-जास्त करणारी झडप) असतो. चेसिसला जॅक लावून अ‍ॅक्सल लोंबकळत ठेवला की त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा प्रवाह अडवतो. तेव्हा आधार अ‍ॅक्सलखाली द्यावा. मास्टर जुना असेल तर पॅडल तळापर्यंत मारू नये, खाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. रोजच्या वापरात दट्ट्या जिथवर जात नाही तिथे सिलिंडर खरबरीत झालेला असतो आणि रबर तिथे फाटते. पुढचे कॅलिपर (चाकाची डिस्क दोन्ही बाजूंनी आवळणारे भाग) डावे-उजवे अदलाबदल होऊन बसले तर निप्पल खालच्या बाजूला येतो. हवा वर अडकते आणि बाटल्यांवर बाटल्या ओतूनही पॅडल मऊच राहते.

‘ब्रेक ऑइल’ हे नाव घात करणारे आहे, कारण ते खनिज तेल नव्हे. टाकीत चुकून इंजिन ऑइल पडले, किंवा रबर डिझेलने धुतले, तर रबर फुगते आणि सगळी कीट (रबरांचा संच) बदलावी लागते. नेहमीचे ग्लायकॉलचे द्रव हवेतली ओल शोषते. डॉट ३ या प्रतीच्या द्रवाचा उत्कलनबिंदू कोरड्या स्थितीत किमान २०५ अंश सेल्सिअस, ओल शोषल्यावर १४० अंश. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. म्हणूनच गॅरेजात महिनोन्महिने उघडी पडलेली बाटली वापरू नये, विशेषतः पावसाळ्यात. कसारा घाट उतरताना सततच्या ब्रेकने ओले ऑइल चाकाशी उकळले तर त्याची वाफ होते आणि ताज्या कामानंतरही पॅडल तळाला जाते. मुंबईच्या दमट हवेत साधारण दोन वर्षांनी सगळे ऑइल बदलणे योग्य.

काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून पॅडल दाबून पाहतात; ते पहिल्याच पायाला, दर वेळी त्याच उंचीवर कडक लागले पाहिजे. इंजिन सुरू केल्यावर बूस्टरमुळे (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागामुळे) ते किंचित खाली बसते, ते ठीक आहे. मग अर्धा मिनिट जोराने दाबून चारही निप्पल कापडाने पुसून पाहायचे. बाटलीतले जुने ऑइल परत टाकीत घालायचे नाही, रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवायचे. निप्पलवर रबरी टोपी बसवायची, नाहीतर पुढच्या खेपेला त्याच्या भोकात चिखल भरलेला मिळतो. त्यानंतर रिकामी गाडी गल्लीत हळू फिरवून आणायची आणि माल मगच चढवायचा.