समकालीन ख्रिस्ती उपासनागीतांचे शास्त्राधारित परीक्षण

मंडळीच्या (चर्चच्या) उपासनेत गाइल्या जाणाऱ्या नव्या गीतांचे शब्द पवित्र शास्त्राच्या (बायबलच्या) शिकवणीशी जुळतात की नाही, हे तपासण्याची ख्रिस्ती प्रथा. हे काम पाळक, उपासनेचे नेतृत्व करणारे गायक, गीतसंग्रहांच्या संपादन समित्या आणि काही परंपरांत बिशप करतात. चाल, वाद्ये व गायनाचा दर्जा हे प्रश्न या परीक्षणाच्या कक्षेबाहेर राहतात. गीत देवाविषयी, ख्रिस्ताविषयी, माणसाविषयी आणि तारणाविषयी काय सांगते, ते कोणाला उद्देशून सांगते आणि काय सांगायचे राहून जाते, एवढाच या परीक्षणाचा विषय असतो.

प्रवचन ऐकणारा मनातल्या मनात असहमत राहू शकतो. गाणारा मात्र गीतातले वाक्य स्वतःच्या तोंडाने, बहुधा प्रथमपुरुषात आणि थेट देवाला उद्देशून उच्चारतो, आणि चालीमुळे ते वाक्य वर्षानुवर्षे त्याच्या स्मरणात राहते. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ३१ व्या अध्यायात देव मोशेला एक गीत लिहून ते इस्राएल लोकांच्या मुखी घालायला सांगतो, ते याच कारणाने : पुढच्या पिढ्या नियमशास्त्र विसरल्या तरी गीत त्यांच्या तोंडून साक्ष देत राहील. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात (३:१६) गायन हे एकमेकांना शिकवण्याचे व बोध करण्याचे साधन म्हटले आहे, तर करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१४:१५) पौल आत्म्याने आणि बुद्धीनेही गाण्याचा निर्धार सांगतो. बिरुयातील लोक खुद्द पौलाचे बोलणे दररोज शास्त्रात पडताळून पाहत आणि त्याबद्दल प्रेषितांच्या कृत्यांत (१७:११) त्यांची प्रशंसाच झाली आहे. प्रेषिताचा उपदेश ज्या कसोटीला लागला, ती गीतकाराला लागू नये असे म्हणायला आधार नाही.

गीतांच्या शब्दांवरचा वाद मंडळीइतकाच जुना आहे. चौथ्या शतकात पुत्र, म्हणजे ख्रिस्त, हा निर्माण केलेला आहे असे शिकवणाऱ्या एरियसने आपली मते पद्यात मांडली. नाविकांसाठी, दळणाऱ्यांसाठी व वाटसरूंसाठी त्याने गाणी रचल्याचे इतिहासकार फिलोस्टॉर्गियस नोंदवतो. सिरियाक भाषेच्या परंपरेत, पाखंडी ठरवल्या गेलेल्या बारदैसानच्या गीतांचा प्रभाव पुसण्यासाठी एफ्रेमने (मृत्यू ३७३) स्वतः स्तोत्रे रचली. लाओदिकेया येथील धर्मसभेने त्याच शतकात खाजगीरीत्या रचलेली गीते उपासनेत गाण्यास मनाई केली. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या काळात दोन वाटा दिसतात. ल्यूथरच्या अनुयायांनी १५२४ पासून नवी गीते छापली, तर कॅल्व्हिनच्या जिनिव्हात मुख्यतः शास्त्रातील स्तोत्रांचीच छंदोबद्ध रूपे गायली जात आणि त्यांचा पूर्ण संग्रह १५६२ मध्ये सिद्ध झाला. कॅल्व्हिनच्या परंपरेतील काही (रिफॉर्म्ड) मंडळ्या आजही केवळ स्तोत्रसंहिताच, म्हणजे बायबलमधील दीडशे स्तोत्रांचा संग्रहच, गातात. त्यांच्यापुढे हा प्रश्न फक्त भाषांतराच्या अचूकतेपुरता उरतो. इंग्रज गीतकार आयझॅक वॉट्सने १७०७ च्या संग्रहात स्वरचित गीते आणली, तेव्हा मानवी रचना उपासनेत चालेल का, यावर इंग्रजी भाषक मंडळ्यांत दीर्घ वाद झाला.

आजच्या परीक्षणाची निकड वेगळ्या परिस्थितीतून आली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या ‘जीझस मूव्हमेंट’ या तरुणांच्या ख्रिस्ती चळवळीतून गिटारवर गायची छोटी, सोप्या ध्रुवपदांची गीते पुढे आली. १९८८ मध्ये सीसीएलआय ही परवाना देणारी संस्था स्थापन झाली आणि एकाच वार्षिक शुल्कात हजारो गीते मंडळ्यांना कायदेशीरपणे वापरता येऊ लागली. छापील गीतसंग्रहाच्या मागे संपादक मंडळ असे. एखादे गीत पुस्तकात येण्यापूर्वी वर्षे जात आणि अनेकांच्या नजरेखालून ते जाई. पडद्यावर दाखवल्या जाणाऱ्या गीताला ही चाळणी लागत नाही : ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यावर पुढच्याच रविवारी ते गाता येते. शिवाय २०१० नंतरच्या दशकातील सर्वाधिक गाइली गेलेली गीते जवळपास सर्वच हिलसाँग, बेथेल, एलिव्हेशन व पॅशन या मोजक्या मोठ्या मंडळ्यांशी जोडलेली आहेत. एका मंडळीच्या शिकवणीचा कल त्यामुळे अगदी वेगळ्या परंपरेतील मंडळ्यांच्या ओठांवर नकळत येतो, आणि तो तपासण्याची जबाबदारी आता स्थानिक पाळकावर व गायकगटावर येऊन पडली आहे.

परीक्षणाची पहिली पायरी साधी आहे. चाल बाजूला ठेवून शब्द मोठ्याने वाचायचे आणि प्रत्येक ओळीतील विधान गद्यात मांडायचे. ज्या गीताचे असे गद्य करताच हाती काहीच लागत नाही, त्यात चूक नसली तरी शिकवणही नसते. त्यानंतर विधानाचा शास्त्रातील आधार शोधायचा, पण येथेच सर्वात जास्त काळजी लागते, कारण शास्त्रातील शब्द गीतात असणे आणि गीत शास्त्राला धरून असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सैतानानेही ९१ वे स्तोत्र उद्धृत केले होते (मत्तय ४:६). यिर्मया २९:११ मधील आशेचे वचन बाबेलात बंदिवान झालेल्या लोकांना दिलेले आहे आणि त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षांच्या प्रतीक्षेचा उल्लेख येतो. गीतात ते व्यक्तिगत यशाच्या हमीसारखे येते तेव्हा शब्द शास्त्राचे आणि अर्थ दुसराच होतो. फिलिप्पैकरांस ४:१३ चेही तसेच आहे. पौल तेथे विपन्नतेत व संपन्नतेत सारखेच तृप्त राहण्याच्या सामर्थ्याविषयी बोलतो, हाती घेतलेले प्रत्येक काम तडीस नेण्याविषयी नाही. ५१ व्या स्तोत्रात दावीद ‘तुझा पवित्र आत्मा माझ्यापासून काढून घेऊ नको’ अशी विनवणी करतो. पन्नासाव्या दिवसानंतर, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्यानंतर, आणि आत्मा सदैव तुमच्याबरोबर राहील या वचनानंतर (योहान १४:१६) ख्रिस्ती माणसाने ती ओळ कोणत्या अर्थाने गावी, याचे उत्तर निरनिराळ्या परंपरा निरनिराळे देतात.

उलट दिशेची चूकही तितकीच घडते. कवितेला सिद्धांताच्या पुस्तकासारखे वाचणारा परीक्षक शास्त्रातीलच गीते नापास करील. ४४ व्या स्तोत्रात देवाला ‘जागा हो, का झोपलास?’ असे विचारले आहे, आणि १२१ वे स्तोत्र तो कधी झोपत नाही असे सांगते. ७८ व्या स्तोत्रात (वचन ६५) प्रभू द्राक्षारसाने आवेश चढलेल्या वीरासारखा जागा होतो. असे शब्द आजच्या गीतकाराने लिहिले असते तर कित्येक मंडळ्यांत ते गाता आले नसते. म्हणून प्रतिमा धाडसी आहे का, हा प्रश्न गौण ठरतो. ती प्रतिमा शास्त्र ज्या देवाची ओळख करून देते त्याच्याकडे नेते की त्याच्यापासून दूर, हे पाहावे लागते. पुनरुक्तीबाबतही हेच म्हणता येईल. १३६ व्या स्तोत्रात एकच ध्रुवपद २६ वेळा येते, आणि प्रकटीकरणातील चार प्राणी ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ म्हणायचे थांबत नाहीत. येशूने मत्तय ६:७ मध्ये नाकारलेली बडबड निराळी आहे, पुष्कळ बोलल्याने देव ऐकेल अशी तिच्यामागची समजूत असते. ‘मी’ हे सर्वनाम किती वेळा आले ते मोजून गीताला आत्मकेंद्री ठरवण्याची पद्धतही टिकत नाही, कारण २३ वे आणि ५१ वे स्तोत्र ‘मी’नेच भरलेले आहे. गीताचा ‘मी’ देवाने केलेल्या कृतीकडे पाहतो की स्वतःच्या भावनेकडेच, हे पाहणे अधिक उपयोगी आहे.

नव्या गीतांत वारंवार आढळणारा एक गोंधळ त्रैक्याविषयीचा, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीविषयीचा, आहे. कडवे पित्याला उद्देशून सुरू होते आणि दोन ओळींनंतर ‘तू माझ्यासाठी वधस्तंभावर मेलास’ असे त्यालाच म्हटले जाते. पिताच वधस्तंभावर मेला ही समजूत तिसऱ्या शतकात ख्रिस्ती लेखक टर्टुलियनने प्रॅक्सियसविरुद्ध लिहिताना खोडून काढली होती. आज ती कोणी हेतुपुरस्सर शिकवत नाही, सर्वनामांच्या निष्काळजीपणातून ती गीतात शिरते. ख्रिस्तावरील प्रेम प्रणयाच्या भाषेत मांडणाऱ्या गीतांवरही आक्षेप घेतले जातात. बायबलमधील गीतरत्न या प्रेमकाव्याचे आध्यात्मिक वाचन मंडळीच्या आरंभीच्या शतकांपासून चालत आले आहे. तरी इफिसकरांस पत्रातील वधू ही संपूर्ण मंडळी आहे, एकेकटा विश्वासणारा नाही, हा फरक अशा गीतांत बहुधा हरवतो. ‘पवित्र आत्म्या, ये’ या आवाहनावर मात्र विनाकारण शंका घेतली जाते असे म्हणावे लागेल, कारण ही प्रार्थना लॅटिन उपासनेत नवव्या शतकापासून गायली जात आहे आणि सर्वव्यापी असलेल्या देवाला ‘ये’ म्हणणे स्तोत्रकर्त्यांनाही खटकले नव्हते.

गेल्या दशकातील दोन वाद या परीक्षणाचे स्वरूप चांगले दाखवतात. कोरी ॲस्बरी यांच्या २०१७ च्या ‘रेकलेस लव्ह’ या गीतात देवाच्या प्रेमाला परिणामांची पर्वा न करणारे असे विशेषण आहे. नव्व्याण्णव मेंढरे सोडून एकामागे जाणाऱ्या मेंढपाळाचा दाखला समर्थक देतात, आणि देव बेपर्वा नसून त्याचे प्रेम स्वतःची किंमत मोजत बसत नाही, असा खुलासा गीतकारानेही केला. टीकाकारांच्या मते जगाच्या स्थापनेपूर्वीच निवड करणाऱ्या देवाचे प्रेम (इफिसकरांस १:४) सर्व किंमत जाणून केलेले आहे, आणि गीताबाहेरच्या खुलाशाशिवाय जो शब्द उभा राहत नाही तो सामुदायिक गायनाला योग्य नाही. यातील दुसरा मुद्दा वजनदार आहे. खुलासा पडद्यावर दिसत नाही. ‘इन ख्राइस्ट अलोन’ (२००१) या गीताचा वाद अधिक खोल होता. अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चच्या २०१३ च्या गीतसंग्रहासाठी संपादन समितीने वधस्तंभावर देवाच्या क्रोधाचे समाधान झाले या आशयाच्या ओळीऐवजी तेथे देवाच्या प्रेमाचा महिमा वाढला, असा बदल मागितला. कीथ गेटी व स्टुअर्ट टाउनएंड या गीतकारांनी नकार दिला आणि गीत वगळले गेले. येथे दोन्ही पक्ष शास्त्रातूनच बोलत होते. मतभेद प्रायश्चित्ताच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या मरणाने पापाची भरपाई कशी झाली याच्या, अर्थावर होता. शास्त्राच्या कसोटीवर परीक्षण म्हणजे प्रत्यक्षात विशिष्ट परंपरेने समजून घेतलेल्या शास्त्राच्या कसोटीवर परीक्षण असते, हे अशा वेळी उघडपणे मान्य करणे प्रामाणिकपणाचे ठरते.

कॅथलिक चर्चमध्ये हे काम अधिक संस्थाबद्ध आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक घटनापत्राने (१९६३) गीतांचे शब्द चर्चच्या शिकवणीशी सुसंगत असावेत व प्रामुख्याने शास्त्रातून आणि उपासनेच्या ग्रंथांतून घेतलेले असावेत असे ठरवले. अमेरिकेतील बिशपांच्या सिद्धांतविषयक समितीने २०२० मध्ये गीतांच्या परीक्षणासाठी मार्गदर्शिका काढली. तीत पवित्र सहभागितेत ग्रहण केल्या जाणाऱ्या ख्रिस्ताच्या शरीराला व रक्ताला नुसती भाकर व द्राक्षारस मानणारी गीते आणि येशूच्या मृत्यूचा दोष यहुदी लोकांवर सरसकट टाकणारी गीते या दोहोंवर स्पष्ट आक्षेप घेतला आहे.

एकेक गीत निर्दोष असूनही मंडळीचा गीतसाठा एकांगी असू शकतो, आणि ही उणीव सुटे परीक्षण कधीच पकडत नाही. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. ८८ वे तर अंधारातच संपते. लोकप्रिय नव्या गीतांत विजय, मुक्तता व आनंद भरपूर आहेत, परंतु पापाची कबुली, न्याय, गरिबांची बाजू आणि उत्तर न मिळालेली प्रार्थना क्वचित येतात. शोकात बुडालेला माणूस अशा उपासनेत येतो तेव्हा त्याच्या तोंडी घालायला मंडळीकडे शब्दच नसतात. म्हणून जाणकार पाळक वर्षभर गाइलेल्या गीतांची यादी समोर ठेवून शास्त्रातील कोणते विषय तीत आलेच नाहीत हे पाहतात, आणि नव्या गीतांची निवड त्या रिकाम्या जागांपासून सुरू करतात.

दोष आढळल्यावर गीत वगळणे हा एकच मार्ग नसतो. एखादे कडवे सोडता येते किंवा गाण्यापूर्वी ओळीचा अर्थ दोन वाक्यांत सांगता येतो. शब्द बदलण्याची पद्धत जुनी आहे : चार्ल्स वेस्ली यांच्या १७३९ च्या नाताळगीताची पहिली ओळ जॉर्ज व्हाइटफील्ड यांनी १७५३ मध्ये बदलली आणि आज जगभर ती बदललेल्या रूपातच गायली जाते. उलट चार्ल्स यांचे भाऊ जॉन वेस्ली यांनी १७८० च्या संग्रहाच्या प्रस्तावनेत गीते हवी तर जशीच्या तशी छापा, पण दुरुस्त करू नका, अशी विनंती केली. आज स्वामित्वहक्क असलेल्या गीतात बदल करण्यासाठी हक्कधारकाची परवानगी लागते, आणि ती मिळाली नाही तर मूळ शब्द स्वीकारणे किंवा गीत सोडून देणे एवढेच मंडळीच्या हाती राहते.